दुसऱ्यांदा विचारणे

"बरं," इल्डा म्हणाली आणि पुन्हा आपल्या सुपाकडे वळली.

एवढेच घडले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे सगळेजण दुपारचा डबा खात, मायक्रोवेव्ह घरघरत होता. खिडकीखालून कॉलेज स्ट्रीटची ट्राम रुळांना घासत पश्चिमेकडे गेली. इल्डाने पाव मोडून सुपात बुडवला. डर्व्हला गेराटीचा काटा मात्र ताटलीच्या वर अधांतरी थांबला होता. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असे धरून पाय टाकावा आणि तो सपाट जमिनीवर आदळावा, तसा एक हिसका तिला बरगड्यांच्या आत कुठेतरी बसला. क्षणापूर्वी इल्डाने घास गिळून सहज विचारले होते, "तू जागा शोधतेयस ना अजून? माझ्या आईच्या घराचा वरचा मजला रिकामा झालाय. हवाय तुला?" आणि डर्व्हला म्हणाली होती, "छे छे, नको हो. तुमच्या आईला कशाला त्रास? माझं ठीक चाललंय." मग ती थांबली होती. तोंडावर अर्धवट हसू, मान किंचित कललेली, पुढचे वाक्य ऐकायला कान तयार. पुढचे वाक्य आलेच नाही. इल्डा मेदेरोश ही दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसणारी, पन्नाशीची, मनाने उदार बाई होती. तिने विचारले होते, तिला उत्तर मिळाले होते, आणि तिच्या दृष्टीने तो विषय सुपाच्या वाफेबरोबर विरून गेला होता.

डर्व्हलाचे ठीक चाललेले नव्हते. टोरांटोत आल्यापासून ती नोरीन नावाच्या मैत्रिणीकडे झोपत होती. नोरीन म्हणाली होती, "राहा गं हवं तितके दिवस," आणि नोरीनही आयर्लंडमधल्या मेयोचीच असल्यामुळे या वाक्याचा अर्थ दोघींना नेमका ठाऊक होता: रविवारपर्यंत. रविवारी नोरीनचा होणारा नवरा डब्लिनहून येणार होता, आणि डर्व्हलाचा बिछाना म्हणजे त्या एका खोलीच्या घरातला एकमेव सोफा होता. बाकीचे सारे तिने निभावून नेले होते. फोनचा नंबर, बँकेतले खाते, आरोग्याचे कार्ड, घरचा वाहन परवाना देऊन इथला घेणे, घोट्याच्या वर येणारे बूट. घरून आणलेल्या कोटाकडे पाहून नोरीन हसली होती, "हा पावसाचा कोट झाला, बाई. इथली थंडी कोरडी असते, ती आधी बटणं मोजते." घराचे मात्र जमत नव्हते. एखादी जागा पाहायला जावे तर दारात बूट काढून आधीच रांग लागलेली, प्रत्येकाच्या हातात कागदांची पारदर्शक पिशवी. घरमालक विचारत, इथली तुमची पत काय? मेयोच्या पश्चिम टोकाला गेराटी घराण्याची पत होती. दुकानदार, शाळामास्तर, पाद्री, कोणालाही विचारले असते तरी त्याने सांगितले असते, मार्टिन गेराटीची पोर ना, डोळे मिटून द्या. इथल्या यंत्रात तिचे नाव घातले की कोरी पाटी समोर येई. तिने जन्मात कधी कर्ज घेतले नव्हते, आणि तोच तिचा दोष ठरत होता; ज्याने कधी घेतलेच नाही तो फेडणारा आहे हे कशावरून समजायचे?

आणि असे असूनही ती सुखात होती, हेच तिला कोणाला नीट सांगता येत नव्हते. सोफ्यावरून सकाळी उठताना मान आखडलेली असे, पण खिडकीबाहेर या अफाट शहरात तिला ओळखणारे कोणी नाही या जाणिवेने अंगात हलकेपणा येई. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस तिला "तुझी आजी कशी आहे?" असे विचारत नव्हता. ट्राममध्ये शेजारी बसलेली बाई कुठल्या भाषेत फोनवर भांडते आहे हे ओळखण्यात तिचा प्रवास संपून जाई. हे शहर तिला आवडले होते, एखाद्या माणसाशी ओळख होण्याआधीच तो आवडावा तसे. म्हणूनच इल्डाचे ते 'बरं' तिला इतके लागले असावे. शहराने तिला काही देऊ केले, तिने आपल्या भाषेत ते स्वीकारले, आणि शहराने ते परत घेतले.

दुपारी तिने मिस्टर पेट्राकिस यांचे कान तपासले. काचेच्या बंद खोलीत, कानांवर ते मोठे काळे गोळे लावून, हे निवृत्त शिंपी शाळकरी मुलासारखे ताठ बसले. आवाज आला की हातातले बटण दाबायचे, एवढेच काम. ती यंत्रावर आवाज बारीक करत गेली. पेट्राकिस कपाळाला आठ्या घालत, मान तिरपी करत, अंगठा बटणावर आणून परत मागे घेत. त्यांना ऐकू येत होते, हे तिला काचेतून स्पष्ट दिसत होते. पण पुरती खात्री झाल्याशिवाय दाबणे त्यांना उद्धटपणाचे वाटत होते. ती माइकमध्ये म्हणाली, "मिस्टर पेट्राकिस, नुसतं आल्यासारखं वाटलं तरी दाबा हं. चुकलं तर काही बिघडत नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा आवाजही तसाच जाऊ दिला. डर्व्हलाला एकाएकी हसू फुटले, आणि ते लपवायला तिने नोंदीच्या कागदावर मान खाली घातली.

तिच्या घरी नकाराला तीन पदर होते, आणि ते कोणी कोणाला शिकवत नसे. बोलायला लागताच ते येत. बीना मावशी दारात येई, कोट अंगात तसाच, आणि मम्मी म्हणे, "चहा घेशील?" "छे गं, आत्ताच घेऊन निघाले." "घे गं थोडा." "नको, तुझं काम पडलंय." एव्हाना किटली चुलीवर चढलेली असे, मावशीच्या कोटाचे वरचे बटण निघालेले असे, आणि तिसऱ्यांदा कोणी विचारतही नसे, बशी पुढे सरकवली जाई आणि मावशी सुस्कारा टाकून म्हणे, "बरं बाई, तुझ्या शब्दाखातर." लहानपणी डर्व्हलाला हे सगळे खोटे वाटे. कॉलेजात तिने त्याची टिंगल केली होती. आता, ट्रामच्या थंड काचेला कपाळ टेकून, तिला उमगत होते की त्यात खोटे काही नव्हते. पहिला नकार म्हणजे समोरच्याला दिलेली सवड होती. तोंडदेखले विचारले असेल तर त्याला अब्रूनिशी मागे फिरता यावे. दुसरा प्रश्न म्हणजे, नाही, मी खरेच विचारते आहे. त्या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत तिची सगळी माणसे राहत होती. इल्डाने ती जागाच ठेवली नाही. की इल्डाने तिला इतके खरे मानले, की तिच्या शब्दावर शंका घेणे तिला सुचलेच नाही?

घराजवळच्या थांब्यावर उतरून तिने मम्मीला फोन लावला. तिकडे निजानीज व्हायला आली होती.

"मग? मिळाली का जागा?" मम्मीने विचारले.

डर्व्हलाने झाला प्रकार सांगितला.

"आणि मग परत विचारलंच नाही तिनं?"

"नाही."

"एकदाही?"

"मम्मी, नाही म्हटलं ना."

"काय माणसं म्हणायची ही."

"चांगली आहे गं ती. मला बसता-उठता पाव देते."

"चांगली असेल. वळण नाही." मग मागे डॅडींचा आवाज आला, आणि मम्मी त्यांना म्हणाली, "झोप तू, मार्टिन. नाही, शिकागोचं नको आत्ता तिला." आणि पुन्हा फोनमध्ये, "ऐक, आता तूच तिला विचार."

"मी? मी नको म्हणाले आणि मीच विचारू?"

"मग राहा सोफ्यावर, त्या दोघांच्या मधे. लग्नात करवलीही तूच हो." मग मम्मी म्हणाली, "मला काही तू तिकडे कायमची राहायला नकोयस. पण सोफ्यावर तर मुळीच नकोयस."

शिकागोचे डर्व्हलाला तोंडपाठ होते. तिच्या जन्माआधीच्या एका उन्हाळ्यात ऑस्टिन काका बारा वर्षांनी शिकागोहून घरी आला होता. दलदलीच्या माळावर दोघे भाऊ जळणासाठी तिथल्या जळाऊ मातीच्या विटा कापत होते, आणि कापता कापता ऑस्टिन म्हणाला, "येतोस का माझ्याबरोबर, मार्टिन? कामाचं बघतो मी. कागदपत्रांचंही बघतो." डॅडी म्हणाले, "छे, मी कुठं येतो. इथं ठीक चाललंय माझं." ऑस्टिन म्हणाला, "ओके," आणि पुढची वीट त्याने ढिगावर टाकली. डॅडी त्या आठवड्यात वाट पाहत थांबले, त्या महिन्यात थांबले. विमानतळाच्या बसपाशी भावाची बॅग वर चढवतानाही थांबले. हिवाळ्यात गावच्या नाचाला गेले आणि तिथे त्यांना मम्मी भेटली. गोष्ट इथे संपे, आणि डॅडी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "दुसऱ्यांदा विचारलं असतं ना, तर तू नसतीस." सगळे हसत. डर्व्हलाही हसे. तिच्या लहानपणी ही घरातली सर्वांत आनंदाची गोष्ट होती. आपण कोणाच्या तरी विसरण्यातून जन्मलो, याचे तिला भारी अप्रूप वाटे. मोठेपणी तिच्या लक्षात आले की 'ओके' म्हणताना डॅडींचा आवाज थोडा बदलतो. तो शब्द ते ऑस्टिनच्या अमेरिकन सुरात म्हणत, नकलेसारखा, पण हसणाऱ्या माणसाची नक्कल अशी नसते. त्यांना वाईट वाटत होते का? त्यांनी कधी सांगितले नाही, आणि तिने विचारलेच असते तर त्यांचे उत्तर ठरलेले होते: ठीक चाललंय. आज मात्र तिला प्रथमच ऑस्टिन काकाबद्दल नवल वाटले. तो काही दुष्ट नव्हता. तो बारा वर्षे शिकागोत राहिला होता, इतकेच. कुठल्यातरी वर्षी, त्याला न कळत, नकार हा त्याच्यासाठी नकार झाला होता. मला किती वर्षे लागतील, असे तिच्या मनात आले, आणि सूर्य कलल्यावर एकदम बोचरा होणारा वारा तिच्या पावसाच्या कोटातून आरपार गेला. एक दिवस बीना मावशी इथे माझ्या दारात उभी राहील, चहा नको म्हणेल, आणि मी म्हणेन, बरं.

दुसऱ्या दिवशी, पहिला रुग्ण येण्याआधी, ती इल्डाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"इल्डा, काल मी नको म्हणाले ना, जागेला."

"हो."

"ते नको नव्हतं."

इल्डाने चष्मा कपाळावर सरकवला. "मग काय होतं?"

"हो होतं. म्हणजे आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग तुम्ही परत विचारायचं. मग मी परत नको म्हणायचं, पण जरा हळू. मग तुम्ही…"

"एका मजल्यासाठी एवढं?"

"चहासाठीसुद्धा."

"आणि खरंच नको असलं तर काय म्हणता मग?"

डर्व्हलाने क्षणभर विचार केला. याचे उत्तर द्यावे की नाही, असा तो विचार होता. "तर म्हणतो, 'हो, येईन की.'"

इल्डाने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "गेल्या आठवड्यात मी तुला आमच्या चर्चच्या सोडतीचं तिकीट घेशील का विचारलं. तू म्हणालीस, 'घेईन की.'"

"हो."

"मी बाजूला काढून ठेवलंय ते. तुझं नाव लिहून."

"घेते. आत्ता घेते."

"देवा रे," इल्डा म्हणाली. पण तिच्या गालांत हसू फुगत होते. "हे बघ पोरी, मी आईला कळवून बसले की तुला नकोय. उद्या दुपारी एकजण बघायला येतोय. त्याच्याकडे सगळे कागद आहेत, पत आहे, मांजर नाही. तू सकाळी ये. आणि आई विचारेल तेव्हा हो तर हो म्हण, नाही तर नाही. माझ्याच्यानं भाषांतराचं भाषांतर व्हायचं नाही."

त्या संध्याकाळी डर्व्हला बागेतून चालत चालत घरी गेली, वाळक्या पानांच्या ढिगांतून पाय ओढत, आणि ओठांतल्या ओठांत 'हो' म्हणण्याचा सराव करत. हो. हो, धन्यवाद. शब्द एवढासा, पण त्याच्या पुढेमागे काही नसले की तो उघडा पडल्यासारखा वाटे, कोट न घालता दाराबाहेर आल्यासारखा. एक कुत्रा फिरवणारा गृहस्थ तिच्याकडे वळून पाहून गेला. तिला त्याचे काही वाटले नाही. या गावी आपण वेड्या ठरलो तरी ते मेयोला कळणार नाही, याचे तिला बरेच वाटले.

इल्डाची आई, डोना देओलिंडा, डर्व्हलाच्या खांद्याएवढी होती. अझोर बेटांवरून नवरीच्या वयात ती इथे आली होती, आणि इंग्रजी तिने गरजेपुरतेच ठेवले होते, पाहुण्यांच्या बशांसारखे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोड पावाचा पिवळाधमक गोल होता, आणि तिच्या हातात सुरी. तिने डर्व्हलाला खुर्चीकडे बोट दाखवले, सुरी पावावर टेकवली आणि विचारले, "खाणार?"

"हो, धन्यवाद," डर्व्हला म्हणाली.

सुरी थांबली. म्हातारीचे तोंड पुढच्या वाक्यासाठी अर्धे उघडलेले होते, आणि ते वाक्य आता कुठे ठेवावे हे तिला कळेना. तिने लेकीकडे पाहून पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हटले.

"आई म्हणते, उपाशी दिसतेय पोर," इल्डा म्हणाली.

डर्व्हलाचे कान तापले. तिने पाव खाल्ला. तो मऊ होता, लिंबाच्या सालीच्या वासाचा. दुसऱ्या तुकड्याला ती सरावाबाहेर गेली. "नको नको, पुरे, खूप झालं," हे शब्द आपोआप आले, आणि ते संपायच्या आतच तुकडा तिच्या ताटलीत पडला. ऐकलेच नसल्यासारखा. "खा," म्हातारी म्हणाली. "नाही हो, खरंच." "खा, खा." तिसरा तुकडा, त्यावर लोण्याचा जाड थर. डोना देओलिंडाचा चेहरा उजळला होता. मघाचे बिनसलेले काहीतरी आता जागच्या जागी बसले होते. डर्व्हलाने मान वर करून इल्डाकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतेस?" इल्डा हलक्या आवाजात म्हणाली. "मी इथं जन्मले. लहानपणी मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची मला. बिचाऱ्या नको म्हणायच्या आणि रडकुंडीला येईपर्यंत खायच्या. म्हणून मी ठरवलं होतं, माझ्यासमोर कोणी नको म्हणालं की त्याला लगेच मोकळं करायचं." आणि मग, "तुला काल सांगायला हवं होतं मी. पण मला वाटलं होतं, हे फक्त आईचं खूळ आहे."

वरचा मजला लहान होता. उतरते छप्पर, दोन खिडक्या, खाली द्राक्षाच्या वेलाचा सुकलेला मांडव. डर्व्हला खोल्यांतून हिंडली, पण तिला काही दिसत नव्हते, जोवर म्हातारीने न्हाणीघराशेजारचे एक अरुंद फडताळ उघडले नाही. आतून गरम पाण्याचा नळ भिंतीला धरून वर गेला होता, आणि फळ्यांवर चादरींच्या घड्या होत्या. डर्व्हलाने आत हात घातला. ऊब. कोरडी, कापसाच्या वासाची, शांत ऊब. घरी मम्मीच्या जिन्याच्या वरच्या टोकाला असेच फडताळ होते, आत गरम पाण्याची टाकी. शाळेचा भिजलेला स्वेटर तिथे वाळे, आणि हिवाळ्याच्या सकाळी ती चादरींच्या घडीत तोंड खुपसून उभी राही, कोणी हाक मारीपर्यंत. तिने नोरीनला एकदा विचारले होते, इथल्या घरांत तसले फडताळ का नसते? नोरीन म्हणाली होती, इथे कपडे वाळवायला यंत्र असते, ऊब साठवायला कोणाला वेळ आहे.

"आवडलं?" डोना देओलिंडाने तिच्या पाठीशी उभे राहून विचारले. "राहणार?"

डर्व्हलाचा हात चादरींवर तसाच राहिला. नकार तिच्या जिभेवर तयार होता, गोल, ओळखीचा; आणि या घरात तो देणे किती सोपे, किती सुखाचे ठरले असते. इथे खालची पायरी होती. निर्धास्त पाय टाकावा आणि दुसरा प्रश्न तळव्याखाली यावा. तिचे सगळे अंग त्या बाजूला झुकले. दुपारी येणारा तो माणूस, त्याची कागदांची पिशवी, हे तिच्या मनात होतेच. पण तिला अडवले ते त्याने नव्हे. पहिला प्रश्नही खराच होता, असे तिला वाटून गेले. डॅडींना विचारले गेले होते. माळावर, वाऱ्यात, त्यांच्या भावाने त्यांना विचारले होते, आणि त्या प्रश्नात उणे काही नव्हते.

"हो," ती म्हणाली.

म्हातारी हसली नाही. तिने डर्व्हलाचा चेहरा निरखला, मग लेकीकडे वळून दोन-तीन वाक्ये भराभर म्हटली. इल्डाने तोंडावर हात धरला.

"काय म्हणतात?" डर्व्हलाने विचारले.

"म्हणते, फार लवकर हो म्हणाली ही. भिडेखातर म्हणाली असेल. नीट विचार म्हणते परत." इल्डाने खिशातून फोन काढला होता, दुपारच्या माणसाला कळवायला, तो तिने तसाच हातात धरून ठेवला.

पण डोना देओलिंडा लेकीसाठी थांबली नाही. तिने पुढे होऊन डर्व्हलाच्या कोटाची बाही धरली आणि, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे, सावकाश आणि मोठ्याने विचारले, "राहणार ना, बाळ?"

डर्व्हलाने लगेच उत्तर दिले नाही. तिला स्वच्छ ऐकू आले होते. दूर, समुद्राकाठच्या काळ्या माळावर, मातीच्या विटांच्या ढिगाशी हातातले फावडे टेकून उभा असलेला एक तरुण माणूसही कान देऊन ऐकत होता, आणि तिला वाटले, त्यालाही ते पुरते ऐकू द्यावे.

"हो," मग ती म्हणाली. "तुम्ही एवढं म्हणताय तर."